पुठ्ठ्याचे मुकुट आणि कागदी चिलीम : मिनेसोटातल्या मराठी शाळांना खुलं पत्र

मिनेसोटातल्या मराठी शाळांचे शिक्षक, मंडळांचे कार्यकर्ते आणि पालक यांना,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

शाळेच्या ऑक्टोबरातल्या कार्यक्रमाची रूपरेषा नुकतीच पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर आली. तशीच रूपरेषा इतरही ठिकाणी फिरते आहे असं कळलं, म्हणून हे पत्र कुणा एका शाळेला न लिहिता सगळ्यांना लिहिते आहे. ऑक्टोबरचा दुसरा सोमवार मिनेसोटात २०२३ पासून कायद्याने ‘इंडिजिनस पीपल्स डे’ झाला आहे. त्या निमित्ताने मुलांना इथल्या मूलनिवासींची ओळख करून द्यावी, ही कल्पना उत्तमच. ज्यांना ती सुचली त्यांचे मनापासून आभार. माझं भांडण तपशिलाशी आहे. बालवर्गाला पुठ्ठ्याचे पिसांचे मुकुट. दुसरी-तिसरीला ड्रीमकॅचरची कार्यशाळा. चौथी-पाचवीचा छोटा प्रवेश, त्यात ‘ओजिब्वे सरदार’ आणि गोरा व्यापारी शेकोटीपाशी बसून ‘शांततेची चिलीम’ ओढणार, मागे आपल्या ढोलाचा ठेका. शेवटी सगळ्यांचा मिळून ‘रेड इंडियन डान्स’.

कार्यक्रम रद्द करा असं मी म्हणत नाही. बदला, एवढंच म्हणते, आणि कसा बदलता येईल तेही सांगते. मी स्वतः रविवारी तिसरीचा वर्ग घेते, त्यामुळे नोकरी, घर सांभाळून शनिवारी रात्री पुठ्ठे कापत बसणं काय असतं ते मला ठाऊक आहे. हे पत्र त्या कष्टांवर पाणी ओतायला नाही.

आधी साध्या चुका काढून टाकू. पाठीपर्यंत लोंबणारा तो पिसांचा मुकुट पश्चिमेकडच्या मैदानी लोकांचा, लाकोटा, शायेन वगैरेंचा. तिथेही तो कुणीही उठून घालत नाही, एकेका पिसाचा मान मिळवावा लागतो. टोकदार टिपीसुद्धा मैदानातलीच. ओजिब्वे सरोवरांच्या आणि बर्चच्या जंगलांतले लोक. त्यांचं जुनं घर म्हणजे विगवॉम : कोवळी खोडं वाकवून बांधलेला घुमटासारखा सांगाडा, त्यावर बर्चच्या सालीचे पट्टे आणि लव्हाळ्याच्या चटया. मिनेहाहा धबधब्यावर आपल्या सहली जातात, तिथल्या हायावाथाच्या पुतळ्यापुढे आपण मुलांना उभं करून फोटो काढतो. हायावाथा हा अमेरिकन कवी लाँगफेलोच्या काव्याचा नायक. लाँगफेलोने १८५५ साली ते काव्य लिहिलं ते मुख्यतः ओजिब्वे कथा घेऊन. त्या कथा जमवल्या होत्या हेन्री स्कूलक्राफ्टने, आणि त्याला बऱ्याचशा मिळाल्या त्या त्याची ओजिब्वे पत्नी जेन जॉन्स्टन हिच्याकडून आणि तिच्या माहेरच्यांकडून. नायकाला नाव मात्र दिलं ते पूर्वेकडच्या इरोक्वॉय परंपरेतल्या एका थोर पुरुषाचं. म्हणजे कथा ओजिब्वेंची, नाव इरोक्वॉयांचं, आणि धबधबा ज्या जमिनीवर पडतो ती डाकोटांची. जेनचं नाव त्या बागेत कुणाला विचारून पाहा.

मिनिआपोलिस आणि सेंट पॉल ही मुळात डाकोटांची भूमी, हेही या निमित्ताने स्पष्ट सांगायला हवं. ओजिब्वेंचा मुलूख इथून उत्तरेला. राज्यात अकरा मान्यताप्राप्त मूलनिवासी राष्ट्रं आहेत : चार डाकोटा आणि सात ओजिब्वे. मिल लॅक्स, लीच लेक, रेड लेक, व्हाइट अर्थ, फॉन्ड डू लॅक, बॉइज फोर्ट, ग्रँड पोर्टेज. सरहद्दीपलीकडे विस्कॉन्सिन, मिशिगन, ओंटारिओ, मॅनिटोबा इथेही ओजिब्वे आहेत. आपल्या मुलांना महाराष्ट्राचे जिल्हे येतात, ही सात नावंही येतील.

आता जरा अवघड जागेवर येते. शाळेच्या बसमध्ये ‘डॉट की फेदर?’ हा प्रश्न ऐकला नाही असं आपल्यातलं मूल क्वचित सापडेल. तू कुठला इंडियन, टिकलीवाला की पिसावाला? घरी येऊन सांगतात, आपण चिडतो, वर्गशिक्षिकेला ईमेल लिहितो. अख्खी संस्कृती एका टिकलीत कोंबली म्हणून आपला जीव तळमळतो. आणि मग रविवारी भाड्याच्या सभागृहात आपणच दुसऱ्या बाजूला पिसं चिकटवतो.

बेसिल जॉन्स्टन नावाचे एक ओजिब्वे लेखक ओंटारिओत होऊन गेले. लहानपणी त्यांना स्पॅनिश नावाच्या गावातल्या निवासी शाळेत टाकलं होतं, पुढे ते टोरांटोच्या रॉयल ओंटारिओ म्युझियममध्ये काम करत. १९६०च्या दशकात एका शाळेत मुलांनी मूलनिवासींवर प्रकल्प केला होता. टिपी, होड्या, घरं, अन्न, पोशाख, सगळं मांडलेलं. त्यातला एक मुलगा मात्र कंटाळून बसला होता. त्याने जॉन्स्टनना विचारलं ते एवढंच की, बस, इतकंच असतं का या लोकांचं? जॉन्स्टन यांनी पुढचं आयुष्य कथा, भाषा आणि विधींमागचा विचार लिहून काढण्यात घालवलं, त्यामागे त्या पोराचा प्रश्न होता. आपली मुलंही हुशार आहेत. मुकुट डोक्यावर चढवल्यावर तीही हेच विचारतील, किंवा त्याहून वाईट, विचारणारच नाहीत.

मग शिकवायचं काय? माझं म्हणणं असं आहे : ओजिब्वेंच्या पवित्र परंपरा आपण शिकवू शकत नाही, आणि शिकवायच्याही नाहीत. त्या परंपरांपाशी कसं वागावं, हे मात्र आपण शिकवू शकतो. कुणाला विचारावं, केव्हा विचारावं, काय विचारू नये, फोन कधी खिशात ठेवावा. पाहुण्याने दुसऱ्याच्या देवघरापाशी पाळायची रीत म्हणा ना. ही रीत मुलांना लहानपणीच लागली तर पुढे ज्ञान योग्य माणसाकडून, योग्य वेळी मिळेल. न लागली तर हातात राहील तो पुठ्ठा.

उदाहरण देते. ओजिब्वेंच्या पवित्र कथा फक्त हिवाळ्यात सांगतात, जमिनीवर बर्फ असताना. त्या कथांमध्ये एक अर्धा दैवी, अर्धा खोडकर असा लोकगुरू आहे. तो चुका करतो, हावरटपणा करतो, मार खातो आणि त्यातून जगाला आकार देतो. त्याचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण हे पत्र सप्टेंबरात लिहिते आहे आणि बर्फ पडण्याआधी अनेक ओजिब्वे घरांत ते नाव उच्चारत नाहीत. ही गोष्ट आपल्याला समजायला जड जाऊ नये. श्रावणातली कहाणी आपली आजी वैशाखात सांगत नसे. वार ठरलेला, हातात अक्षता, ‘उतू नका, मातू नका’ येईपर्यंत उठायचं नाही. त्यामुळे ‘कथाकथन : ओजिब्वे दंतकथा’ हा जो उपक्रम ऑक्टोबरात घातला आहे तो जानेवारीत न्या. आणि सांगायला आपल्यातलं कुणी नको, ओजिब्वे कथाकार बोलवा. मुलांनी वाट पाहिली तर बिघडत नाही. गोष्ट ऋतूची असते, हेच त्यांचं पहिलं शिक्षण.

चिलमीचा प्रवेश तर काढाच. ती चिलीम म्हणजे नाटकाची वस्तू नव्हे. तिचं लाल दगडाचं भांडं आणि लाकडी दांडी विधी नसताना वेगवेगळी ठेवतात, ती सांभाळणाऱ्या माणसावर आयुष्यभराची जबाबदारी असते. तो लाल दगड आपल्याच राज्यात, नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या पाइपस्टोनच्या खाणीत मिळतो. आजही तो हातानेच काढतात आणि काढण्याचा हक्क फक्त मूलनिवासी राष्ट्रांच्या नोंदणीकृत सदस्यांना आहे. आता पुढचं ऐका. त्याच खाणीशेजारी सरकारने १८९३ साली मूलनिवासी मुलांसाठी निवासी शाळा काढली आणि ती १९५३ पर्यंत चालवली. पोरांचे केस कापायचे, भाषा तोंडातून काढून टाकायची, विधी विसरायला लावायचे, हा या शाळांचा हेतू होता, आणि तो कुणी लपवतही नव्हतं. लीच लेकचा डेनिस बँक्स पाच वर्षांचा असताना तिथे पाठवला गेला. ज्या दगडातून त्याच्या लोकांची प्रार्थना धुराबरोबर वर जाते, त्या दगडाच्या खाणीशेजारी त्याला स्वतःची भाषा विसरायला लावली. आपला चौथीतला सरदार कागदी चिलीम ओढून खोकण्याचा अभिनय करेल तेव्हा प्रेक्षकांत हशा पिकेल, हे मला आत्ताच दिसतंय.

हा इतिहास मोठ्या मुलांना सांगितलाच पाहिजे. पवित्र परंपरा ‘शिकवणं’ हा शब्द इथे इतका जड का आहे, ते त्याशिवाय कळत नाही. १८८३ साली अमेरिकेच्या गृहखात्याने नियमावली काढली. तिच्यानुसार पारंपरिक समारंभी नृत्य आणि वैदू-पुरोहितांचं काम हे गुन्हे ठरले. शिक्षा म्हणजे शिधा बंद, नाहीतर कैद. म्हणजे आजोबांनी नातवाला विधी शिकवला तर घरचा शिधा तुटू शकत होता. मिदेविविन ही ओजिब्वेंची उपचारांची आणि ज्ञानाची परंपरा, तिचे विधी बर्चच्या सालीच्या गुंडाळ्यांवर खुणांनी कोरून ठेवलेले. ती टिकली ती लपून टिकली. धर्मस्वातंत्र्याचा कायदा मूलनिवासींसाठी झाला तो १९७८ च्या ऑगस्टमध्ये. आपल्यातल्या कित्येकांचा जन्म त्याआधीचा आहे.

राज्यातल्या मॉरिस गावातही अशीच निवासी शाळा होती. आज त्या जागी मिनेसोटा विद्यापीठाचं केंद्र आहे, आणि तिथे मूलनिवासी विद्यार्थ्यांची शिक्षण-फी माफ आहे. त्या परिसरात फिरायला जाल तेव्हा मुलांना हे सांगा. आणि कॅनडाच्या बाजूला, केनोरात, चेनी वेनजॅक नावाचा बारा वर्षांचा ओजिब्वे मुलगा १९६६ च्या ऑक्टोबरात निवासी शाळेतून पळाला. घर सहाशे किलोमीटर दूर, हे त्याला माहीत नव्हतं. रेल्वेच्या रुळांकडेने चालत राहिला आणि थंडीने रुळांपाशीच मेला. कॅनडाच्या सत्यशोधन आयोगाने २०१५ मध्ये अहवाल दिला, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी निवासी शाळांबद्दल माफी मागितली ती २०२४ च्या ऑक्टोबरात. चेनीची गोष्ट बालवर्गासाठी नाही. सातवी-आठवीच्या मुलांना ती झेपते. त्यांच्या वयाचाच तर होता तो.

पण हे ऐकून मुलांच्या मनात बिचारे, नाहीसे झालेले लोक अशी प्रतिमा बसू नये. म्हणून लगेच त्याच मुलांना सेंट पॉलची गोष्ट सांगा. १९६८ साली मिनिआपोलिसमध्ये बँक्स, क्लाइड बेलेकोर्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी अमेरिकन इंडियन मूव्हमेंट सुरू केली. १९७२ साली या चळवळीच्या मंडळींनी दोन शाळा काढल्या, मिनिआपोलिसमध्ये हार्ट ऑफ द अर्थ आणि सेंट पॉलमध्ये रेड स्कूल हाउस. आपली पोरं सरकारी शाळेत रोज थोडी थोडी स्वतःची लाज शिकतात, हे पालकांच्या लक्षात आलं आणि त्यांनी स्वतः शाळा काढली, जिथे गणिताबरोबर ढोलाचं गाणंही होतं. रेड स्कूल हाउसचे संस्थापक एडवर्ड बेंटन-बनाई हे विस्कॉन्सिनच्या लॅक कोर्ट ओरेचे, मिदेविविनचे जाणकार. विस्कॉन्सिनमधल्या हेवर्डजवळ आज वाडूकोडाडिंग नावाची शाळा सगळे विषय ओजिब्वे भाषेतून शिकवते. रविवारचे दोन तास मराठी टिकवताना आपली कशी दमछाक होते ते आठवा, म्हणजे या लोकांनी काय केलंय त्याचा अंदाज येईल. आपल्यामागे निदान बारा कोटींचं राज्य उभं आहे.

बेंटन-बनाई यांनी लोकांपर्यंत नेलेल्या ‘सात आजोबांच्या शिकवणी’ तुम्ही कुठल्याही प्राथमिक शाळेच्या भिंतीवर पाहिल्या असतील. शहाणपण, प्रेम, आदर, धैर्य, प्रामाणिकपणा, नम्रता, सत्य. आपल्या रूपरेषेतही त्याचं भित्तिपत्रक आहे. असू द्या, पण मला त्या भित्तिपत्रकाचा थोडा धसका आहे. मूळ कथेपासून, सांगणाऱ्या माणसापासून तोडलं की त्या सात शिकवणी कुठल्याही कंपनीच्या स्वागतकक्षात लावता येतात. सुविचाराचा फळा होऊन जातो त्यांचा.

आता हाताने करायच्या गोष्टींकडे वळते, कारण मुलांना नुसतं बसवून चालत नाही.

माझी पहिली पसंती मनूमिनला, म्हणजे वाइल्ड राइसला. ओजिब्वेंच्या स्थलांतराच्या कथेत सात भविष्यवाण्या येतात. पूर्व किनाऱ्यावरून निघा, कवडीसारख्या पवित्र शंखामागून पश्चिमेकडे चला, पाण्यावर अन्न उगवतं तिथे थांबा. शतकानुशतकं चालत, सेंट लॉरेन्स नदी आणि महासरोवरं ओलांडत ते लेक सुपीरिअरमधल्या मॅडेलिन बेटापर्यंत आले, आणि आसपासच्या उथळ तळ्यांत त्यांना हे पाणगवताचं धान्य भेटलं. ऑगस्ट संपता संपता ते पिकतं. होडीत दोघं बसतात. एक जण लांब बांबूसारख्या काठीने होडी ढकलतो, दुसरा एका हलक्या काठीने ओंब्या होडीवर वाकवतो आणि दुसऱ्या काठीने हळूच थोपटतो. पिकलेले दाणे होडीत पडतात, न पिकलेले चिकटून राहतात, काही पाण्यात पडतात आणि तेच पुढच्या वर्षीचं बी. जोरात झोडपायचं नाही. राज्याच्या नियमातही हे आलं आहे : काठी लाकडाची, तीस इंचांहून लांब नको, एक पौंडाहून जड नको. मग दाणे वाळवायचे, मोठ्या कढईत भाजायचे, टरफल सुटावं म्हणून स्वच्छ मऊ पादत्राणं घालून खळ्यात तुडवायचे, आणि पाखडायचे. आपल्या आज्यांना इथे आणलं असतं तर सुपाच्या कामात त्यांना कुणी हरवलं नसतं.

दुकानात मिळणारा काळाकुट्ट, शिजायला तास घेणारा वाइल्ड राइस बहुतेक शेतात लावलेला असतो. हाताने काढलेला रंगाने फिकट, तपकिरी, लवकर शिजणारा आणि धुराच्या वासाचा. व्हाइट अर्थ किंवा लीच लेकच्या लोकांकडून थेट विकत घ्या, वर्गात शिजवा. पुलाव केला तरी चालेल, पण हिंग घालू नका. तो धुराचा वास मरतो. आणि शिजत असताना सांगा की २०१८ साली व्हाइट अर्थने कायदा करून या धान्यालाच हक्क दिले, वाढण्याचा, टिकण्याचा, स्वच्छ पाण्याचा. लाइन ३ तेलवाहिनीविरुद्धचं २०२१ चं आंदोलन पाणी आणि हे धान्य वाचवण्यासाठीच होतं. पवित्र म्हणजे काय, हे इथे मुलांना ताटातच कळतं. देवळात ठेवलेली वस्तू नव्हे. रोज खायची, म्हणून जपायची.

नाच हवाच असेल तर मुलांनी नाचू नये, पाहावा. जिंगल ड्रेसची गोष्ट मात्र आधी सांगा. १९१८ च्या इन्फ्लुएंझाची साथ. मिल लॅक्सच्या परंपरेनुसार एका बापाची लेक मरणाच्या दारात होती. त्याला स्वप्नात एक झगा दिसला, ओळीने शंकू शिवलेला, आणि पावलं दिसली. झगा शिवला, मुलीला घातला, ती नाचू लागली, आधी धरून धरून, मग एकटी. ओंटारिओतल्या व्हाइटफिश बेचे लोक ही गोष्ट आपल्याकडची म्हणून सांगतात. दोघांनी सांगावी, बिघडलं काय! पत्र्याचे शंकू तंबाखूच्या डब्यांची झाकणं वळवून केलेले. पावसासारखा आवाज येतो त्यांचा. आणि हे सारं घडलं तेव्हा वर सरकारची नाचांवरची वक्रदृष्टी होतीच. १९२१ मध्ये मूलनिवासींच्या खात्याच्या आयुक्तांनी नाचांना आवर घालण्याचं नवं परिपत्रक काढलं. बायका नाचत राहिल्या. २०२० साली मिनिआपोलिसच्या अडतिसाव्या रस्त्यावर, जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला त्या चौकात, याच झग्यांतल्या बायका येऊन नाचल्या. आपल्यातले काही जण त्या दिवसांत तिथे फुलं ठेवायला गेले होते, त्यांनी पाहिलं असेल.

हा नाच आपण लेझीमच्या ताफ्यानंतर स्टेजवर ‘बसवायचा’ नसतो. ऑगस्टमध्ये मिल लॅक्सला पाववाव, म्हणजे मूलनिवासींचा नाचगाण्याचा मेळा, भरतो, सगळ्यांना खुला असतो. मुलांना घेऊन जा. ग्रँड एन्ट्रीला, म्हणजे नाचणारे रांगेने रिंगणात येतात तेव्हा, उभं राहायचं, टोपी काढायची. ध्वनिक्षेपकावरून ‘फोटो नाही’ म्हटलं की खरंच नाही. अंगावरचं जे आहे त्याला कॉस्च्युम म्हणू नये आणि हात लावू नये. नाचणाऱ्याचं गरुडाचं पीस खाली पडलं तर उचलू नये. ते कुणी आणि कसं उचलायचं याचीही रीत आहे. बाहेर, तळ्याकाठीसुद्धा, गरुडाचं पीस सापडलं तर घरी आणू नका. गरुडाचं पीस जवळ बाळगणं संघीय कायद्याने गुन्हा आहे, सूट आहे ती नोंदणीकृत मूलनिवासी सदस्यांना. वबाशाच्या ईगल सेंटरला आपली शाळा जातेच, तिथे मुलांना हे विचारायला लावा.

ड्रीमकॅचर. पुण्यातल्या फर्ग्युसन रस्त्यावर टांगलेले असतात, दर तिसऱ्या स्कूटरच्या आरशाला लटकतात, आता आपल्या दुसरीच्या वर्गात. ही ओजिब्वेंचीच वस्तू. बाळाच्या पाळण्याच्या फळीवर लाकडी कड्यात विणलेलं जाळं टांगत, येणारी पीडा कोळ्याच्या जाळ्यात माशी अडकावी तशी अडकावी म्हणून. रेड विंग गावात जन्मलेल्या फ्रान्सिस डेन्समोर यांनी १९२९ मध्ये त्याची नोंद केली. आज जगभर विकले जातात ते बहुतेक कारखान्यातले. ‘इंडियन-मेड’ म्हणून खोटं विकणं अमेरिकेत १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे, पण तो खटाटोप कोण करतं. शाळेच्या कार्यशाळेसाठी ऑनलाइन मागवलेली पन्नास कड्यांची पिशवी परत पाठवता आली तर पाठवा. त्या पैशात एखाद्या ओजिब्वे कारागिराकडून एकच घ्या, बनवणाऱ्यालाच वर्गात बोलवा, आणि तो म्हणाला की मुलांना शिकवतो, तर त्याच्यासमोर विणा. नाही म्हणाला तर नाही.

बोलावण्याविषयी एक व्यावहारिक गोष्ट. आपण पाहुण्याला शाल-श्रीफळ देतो. ओजिब्वे वडीलधाऱ्यांकडे काही शिकायला जायचं तर तंबाखू देतात. हे वाचून निम्म्या पालकांच्या भुवया वर गेल्या असणार, आपल्याकडे तंबाखू म्हणजे चुना आणि दातांचा डॉक्टर. इथे ती ओढायला नसते. मागणं मांडताना हातात द्यायची, नाहीतर पाण्यात, जमिनीवर ठेवायची. एखादं झाड तोडताना, मनूमिन काढायला निघताना आधी चिमूटभर. बाईंनी पुढे होऊन कापडाच्या छोट्या पुरचुंडीत द्यावी आणि नेमकं काय हवंय ते सांगावं. त्यांनी घेतली तर होकार. मानधन वेगळं, आणि ते नीट द्यायचं. ‘कम्युनिटीसाठी विनामूल्य याल का’ असं विचारणं बंद करा. दिवाळीच्या गायकाला आपण हजारो डॉलर देतो.

बैठकीत काय आक्षेप येतील ते मला माहीत आहे. एक, मराठी शाळेत हे कशाला? कारण आपणच ते स्टेजवर घेतलं आहे, आणि सरकारी शाळांतून हे येतंच आहे. विस्कॉन्सिनने १९८९ मध्येच कायदा करून तिथल्या अकरा मूलनिवासी राष्ट्रांचा इतिहास, संस्कृती आणि सार्वभौमत्व शाळांत सक्तीचं केलं, तेही कशामुळे? ओजिब्वे लोक १८३७ आणि १८४२ च्या करारांतल्या हक्काने वसंतात तळ्यांवर भाल्याने मासे मारत, न्यायालयाने १९८३ मध्ये तो हक्क मान्य केला, आणि मग धक्क्यांवर जमाव जमून त्यांच्यावर दगड मारू लागला. लोकांना करार म्हणजे काय तेच शिकवलेलं नव्हतं. मिनेसोटातही १९९९ मध्ये मिल लॅक्सच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला, पाच विरुद्ध चार. दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो : आपण कुठे गोरे आहोत, आपल्यावरही राज्य झालं. झालं ना. पण वुडबरीच्या आणि मेपल ग्रोव्हच्या घरांचं खरेदीखत आपल्या नावावर आहे, ते ज्या करारांतून आलं त्यावर डाकोटांच्या सहीच्या खुणा आहेत. इंग्रजांविषयीच्या आपल्या रागाने ते पुसलं जात नाही.

तर मंडळींनो, पुढच्या बैठकीत एवढं ठरवा. ऑक्टोबरात नकाशा, मनूमिन आणि मोठ्यांसाठी निवासी शाळांचा इतिहास. एखाद्या शनिवारी ओनामियाजवळच्या मिल लॅक्स इंडियन म्युझियमची सहल. मिनिआपोलिसहून दीडेक तासाचा रस्ता आहे, गाड्या वाटून घेता येतील. तिथल्या ऋतूंच्या दालनात मुलांना निवांत पाहू द्या. ओजिब्वे पीपल्स डिक्शनरी इंटरनेटवर विनामूल्य आहे, वडीलधाऱ्यांच्या आवाजात शब्द ऐकू येतात. ‘बूझू’ आणि ‘मीग्वेच’ प्रत्येक मुलाला नीट उच्चारता यावं, म्हणजे पाहुण्यांना नमस्कार आणि आभार त्यांच्या भाषेत होतील. पुस्तकं हवी असतील तर मिनिआपोलिसमध्ये लुईस अर्ड्रिक यांचं बर्चबार्क बुक्स हे दुकान आहे, त्या स्वतः टर्टल माउंटनच्या ओजिब्वे. जानेवारीत कथाकथन. ऑगस्टात पाववाव.

चौथीच्या ‘सरदारा’चा पोशाख शिवायला टाकला असेल तर शिलाईचे पैसे मी देते. त्या कापडाची शिवजयंतीसाठी अंगरखी होतील, माप मी घेऊन ठेवलं आहे. आणि चौथी-पाचवीच्या मुलांना प्रवेश गेल्याचं वाईट वाटणार, तर सात राष्ट्रांचा नकाशा स्टेजवर तेच समजावतील, सरदाराचं काम मिळालेला मुलगा सगळ्यात आधी. त्याचा आवाज चांगला आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
तिसरीच्या वर्गाची बाई, सेंट पॉल